'मिसिंग', 'उठंना', 'डिपर', 'पुंगळी': सातारा-सांगलीकडच्या गाडीवाल्यांची बोली आणि तिचा नेमका अर्थ

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी साताऱ्यात आलो, २०१८ सालची कार्बोरेटरवाली १२५ सीसी गाडी सेकंडहँड घेतली. गॅरेजात मिस्त्री आणि रविवारी बरोबर येणारी मुलं जे बोलतात त्यातलं निम्मं कळत नाही. 'मिसिंग', 'उठंना', 'धरलं', 'स्लो', 'कट', 'डिपर', 'पुंगळी' यातलं खरंच शिकण्यासारखं काय आणि नुसती टपोरीगिरी काय?

जवळजवळ सगळंच शिकण्यासारखं आहे. यातला एकेक शब्द म्हणजे एका ठरावीक बिघाडाचं नाहीतर रस्त्यावरच्या ठरावीक धोक्याचं नाव आहे. मिस्त्रीला "गाडी नीट चालत नाही" एवढंच सांगितलं, तर तो सवयीप्रमाणे फिल्टर, प्लग, कार्बोरेटर असं एकामागून एक खोलत जाणार आणि बिलही तसंच चढत जाणार. त्याऐवजी "स्लोला बरी हाय, चढाला चौथ्यात मिसिंग करतीया" असं सांगा. तो थेट प्लगच्या टोपीला हात घालेल. शब्द चुकला की खोलायची जागा चुकते, म्हणून हे नीट समजून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ चार शब्दांचा होतो: मिसिंग, झटका, 'उठंना' आणि 'क्लच घसरतोय'. लोक हे चारही एकमेकांच्या जागी वापरतात. बिघाड मात्र चार वेगळे आहेत.

मिसिंग म्हणजे ठिणगी किंवा पेट्रोल मधूनच चुकणं. इंजिनचा सलग आवाज मध्येच तुटतो आणि पुन्हा लागतो. स्लोला, म्हणजे गाडी उभी असताना, बरी चालते आणि चढाला भार आला की तुटते, असं असेल तर संशय करंटवर घ्यायचा. भार आल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो. प्लग जुना असेल, टोपी भेगाळली असेल किंवा कॉइलची वायर कुठे घासली असेल, तर तो जोर पुरत नाही. प्लग काढून बघा. टोक विटकरी किंवा फिकट चॉकलेटी असेल तर इंजिन ठीक जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, बहुतेक वेळा चोक अर्धा ओढलेला राहिलेला असतो किंवा फिल्टर तुंबलेला असतो. ओला, तेलकट काळा प्लग म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. प्लगची फट बहुतेक कम्यूटर (रोजच्या वापराच्या) गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास असते, पण आपल्या गाडीची पुस्तिका बघूनच फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा. ब्लेडचं पातं घालून अंदाजाने लावू नका.

पावसात मिसिंग सुरू झालं तर एक सोपी तपासणी आहे. अंधारात गाडी स्टार्ट करा आणि प्लगच्या टोपीवर आणि वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. करंट लीक होत असेल तर टोपीच्या कडेने निळी ठिणगी सापासारखी सरपटताना दिसते. टोपी बदलली की काम झालं, कार्बोरेटरला हातही लावावा लागत नाही. चालू इंजिनच्या त्या टोपीला बोट मात्र लावू नका, झटका जोरात बसतो.

दुसरं मिसिंग पेट्रोलमधल्या पाण्याचं. आपण उसाच्या पट्ट्यात राहतो आणि त्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तयार होतो आणि टाकीच्या तळाशी बसतो. लक्षण ठरलेलं: गाडी स्टार्ट होते, दोनशे मीटर जाते, गळा दाबल्यासारखी घुसमटते आणि बंद पडते. तुमच्या गाडीत कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू आहे. वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवा आणि पाच मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला की टाकी रिकामी करून पुसून घ्यायची. नुसता कार्बोरेटर धुऊन दोन दिवसांत तेच होतं, कारण पाणी टाकीत तसंच असतं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर तेही बदला. गाडी धुताना पाणी तिथूनच शिरतं.

झटका हा इंजिनचा दोष असेलच असं नाही. रेस देताना आणि सोडताना गाडी पुढेमागे हिसका मारते, आवाज मात्र तुटत नाही, तर आधी चेन बघा. गाडी मेन स्टँडवर लावा. मागचं चाक हळूहळू फिरवत चेन सगळ्यात ताठ होते ती जागा शोधा आणि तिथे खालच्या चेनला मधोमध बोटाने वरखाली करा. बहुतेक कम्यूटर गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. आपल्याकडे दोन्ही चुका होतात. ढिली चेन झटके देते हे सगळ्यांना माहीत असतं. पण मिस्त्रीने तारेसारखी ताणून दिलेली चेन जास्त वाईट, कारण डबल सीट बसल्यावर शॉकअप दबतो, चेन आणखी ताणली जाते आणि सॉकेटच्या मागचं बेअरिंग जातं. (स्प्रॉकेटला इकडे 'चेनसॉकेट' म्हणतात, दुकानातही तसंच मागा.) मागच्या सॉकेटवरची चेन पाठीमागून बोटाने ओढा. अर्धा दात दिसेल इतकी ती उचलली गेली तर सेट संपला. पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकत्र बदला. जुन्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकरच जुन्यासारखी होते.

'उठंना' किंवा 'दम धरंना' म्हणजे आवाज सलग आहे, झटका नाही, पण गाडी पळत नाही. मूठ पूर्ण पिळूनही काटा साठच्या पुढे सरकायला तयार नाही. यात पहिल्यांदा बघायचं ते इंजिनच्या बाहेर. गाडी स्टँडवर लावून दोन्ही चाकं हाताने फिरवा. ब्रेक 'धरलेला' असेल, म्हणजे लायनर ड्रमला घासत असेल, तर चाक अर्ध्या फेऱ्यात थांबतं. मग हवा. मग एअर फिल्टर, विशेषतः गाडी जत, आटपाडी किंवा माणच्या धुळीत फिरली असेल तर. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, तो बदलायचा. फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून पिळून बसवायचा. हे सगळं झाल्यावरच कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब नीट तयार होतो का याचा, विचार करायचा. 'उठंना' म्हटलं की लगेच "बोअर करावा लागंल" म्हणणाऱ्या, म्हणजे सिलिंडर कापायला निघणाऱ्या, मिस्त्रीकडून गाडी परत घेतलेली बरी.

'क्लच घसरतोय' ओळखायला सोपं आहे. सपाट रस्त्यावर चौथ्या गेअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना एकदम पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज चढला आणि काटा मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. पण प्लेटी मागवण्याआधी दोन गोष्टी तपासा. लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल हवी. केबल ताणून ती शून्य केली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि नवी प्लेटसुद्धा जळते. दुसरं म्हणजे ऑइल. मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) असं छापलेलं फोर-टी ऑइलच लागतं. चारचाकीचं उरलेलं ऑइल टाकलं की त्यातली घर्षण कमी करणारी रसायनं प्लेटींवर बसतात आणि धडधाकट क्लच घसरायला लागतो.

'स्लो' म्हणजे रेस न देता इंजिन ज्या फेऱ्यांवर चालतं ते. "स्लो राहीना" म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडते. पोवई नाक्यावर ती बंद पडू नये म्हणून स्लोचा स्क्रू पिळून ठेवणं हा इलाज नव्हे. स्लो जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) तुंबलेला असतो किंवा व्हॉल्वची फट चुकलेली असते, आणि वाढवलेल्या स्लोमुळे पेट्रोल जाळत तो दोष तसाच राहतो. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना गरम इंजिनवर मिनिटाला साधारण १४०० फेरे पुरतात.

आता आवाज. इथे मराठी खूप श्रीमंत आहे आणि जुना मिस्त्री अजूनही आवाजाच्या शब्दावरून निदान करतो. म्हणून "आवाज येतोय" एवढ्यावर थांबू नका. टिकटिक, खडखड, टणटण, घरघर, करकर, फुसफुस यातला कोणता ते सांगा, आणि तो थंड इंजिनला की गरम, रेस देताना की सोडताना, तेही सांगा.

टिकटिक वरून, हेडमधून येते, शिवणयंत्रासारखी, आणि रेसबरोबर वेगवान होते. ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या भागातल्या फटीची. थोडी टिकटिक असणं चांगलं लक्षण आहे. गिऱ्हाईकाला गाडी 'सायलेंट' हवी असते म्हणून टॅपेट घट्ट केले, तर गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कडा जळते आणि कॉम्प्रेशन जातं. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेज घालूनच लावायचे. सकाळी गाडी गॅरेजात सोडा आणि "थंड झाल्यावरच खोला" असं स्पष्ट सांगा.

खडखड दोन प्रकारची. सकाळी स्टार्ट केल्यावर डाव्या बाजूने येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी खडखड बहुधा टायमिंग चेनची किंवा तिच्या टेन्शनरची असते. खालून, क्रँककेसमधून, रेस दिल्यावर वाढणारी जाड ठकठक कनेक्टिंग रॉडची. "क्रँकचं काम हाय" म्हणतात ते हेच, आणि ते पुढं ढकलत बसलं तर एक दिवस रॉड केस फोडून बाहेर येतो.

टणटण हा आवाज यवतेश्वरचा घाट चढताना ऐकू येतो: चौथ्या गेअरमध्ये वेग तीसवर आला आहे, मूठ पूर्ण उघडी आहे आणि इंजिनमध्ये कुणी बारीक खडे टाकल्यासारखं वाजतंय. हा बिघाड नाही, चालवणाऱ्याची चूक आहे. मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टनच्या डोक्यावर आदळत असतं. एक गेअर खाली या, आवाज जातो. तरीही राहिला तर हेडमध्ये कार्बन साचलाय किंवा इग्निशन पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडतेय.

घरघर चाकाच्या बेअरिंगची, वेगाबरोबर बदलणारी, क्लच दाबला तरी न थांबणारी. करकर सुक्या चेनची किंवा ड्रममधल्या धुळीची. फुसफुस म्हणजे सायलेन्सर जिथे हेडला बसतो तिथलं पॅकिंग गेलंय. तिथे काळा डाग पडलेला दिसतो.

'धरलं' हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नका. "इंजिन धरलं" म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला. चालत्या गाडीत आवाज जड होतो, वेग आपोआप पडायला लागतो आणि मग मागचं चाक लॉक होतं. जड वाटल्याबरोबर क्लच दाबा आणि तो न सोडता कडेला घ्या. क्लच दाबलेला असेल तर चाक मोकळं राहतं आणि तुम्ही पडत नाही. लगेच किक मारू नका. अर्धा तास थंड होऊ द्या, ऑइलची पट्टी बघा, मगच पायाने हळूच किक दाबून पिस्टन हलतो का ते पाहा. कारण बहुतेक वेळा एकच असतं, ऑइल संपलेलं. तुमच्या वर्गातल्या गाडीत एकूण ऑइलच जेमतेम ९०० मिली ते १ लिटर असतं. गाडी महिन्याला दोनशे मिली खात असेल आणि तीन महिने पट्टी बघितली नाही, तर उरतं काय ते मोजा. पट्टी बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ उभी हवी, आणि पुष्कळ गाड्यांत पट्टी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवून काढायची असते. आटे फिरवून काढली तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

मग 'बोअर'. सिलिंडर घासून गेला की तो थोडा मोठा कापतात आणि त्या मापाचा पिस्टन बसवतात. मापं ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशी चढत जातात, गॅरेजात 'पंचवीसचा', 'पन्नासचा' म्हणतात. जुनी गाडी घेताना "किती बोअर झालेत?" हा प्रश्न नक्की विचारा. शंभरचा बसलेला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरच बदलावा लागणार. आतून कठीण मुलामा दिलेला सिलिंडर बोअर करता येत नाही, तिथे पूर्ण 'ब्लॉक किट' लागतं. बोअर झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर वेग पन्नासच्या आत, एकाच वेगाने सलग न चालवता आणि चढाला न ताणता काढायचे. पहिलं ऑइल त्या ५०० लाच बदलायचं, त्यात धातूची चमक दिसते.

विकणारा म्हणतो, "इंजिनला पाना लागलेला न्हाय." खरं की नाही ते इंजिनच सांगतं. हेडच्या आणि साइड कव्हरच्या बोल्टांचे कोपरे बघा. कंपनीच्या बोल्टांचे कोपरे तीक्ष्ण असतात, पाना घसरलेले कोपरे गोल होतात. जोडाच्या रेषेतून सिलिकॉनची लाल किंवा करडी चिकट कड बाहेर आलेली दिसली तर इंजिन उघडलेलं आहे. ड्रेन बोल्टखाली कायम ओल असेल तर 'आटे गेलेत', पुढच्या ऑइल बदलाला तो बोल्ट हातात येणार.

किकचे तीन शब्द आहेत. "किक मोकळी जाते" म्हणजे पायाला विरोधच लागत नाही. पाय खाली जाताना इंजिन फिरल्याचा आवाज येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय, आवाजच नसेल तर किकची दातेरी चकती घसरतेय. "किक बसंना" म्हणजे ती अडते. गाडी गेअरमध्ये टाकून थोडी पुढेमागे करा, मग न्यूट्रल करा. "किक उलटी मारते" हे जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचं, आणि त्याने घोटा मोडू शकतो. त्या गाडीला अर्धवट जोर कधी लावायचा नाही. अँपिअरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डिकॉम्प्रेसरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा, खटका दाबून पिस्टन जरासा पुढे न्यायचा, खटका सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एकाच दमात शेवटपर्यंत. तरीही उलटी मारत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, पायाचा जोर वाढवून ते बरं होत नाही.

गेअरचीही बोली आहे. "चारही पुढं" आणि "एक पुढं, चार मागं" असे दोन प्रकार. मित्राची गाडी घेण्याआधी हे विचारून घ्या. सवयीने उलटा दाबला तर वरचा गेअर पडायच्या जागी खालचा पडतो आणि मागचं चाक क्षणभर लॉक होतं.

रस्त्यावरचे शब्द कमी आहेत, पण उशिरा कळून चालत नाहीत. 'अप्पर' म्हणजे लांबचा झोत, 'डिपर' म्हणजे खालचा. "डिपर दे" म्हणजे झोत खाली कर, आणि 'डिपर मारणे' म्हणजे झोत लपकवून खूण करणे. समोरच्याने दोनदा मारला तर पुढे काहीतरी आहे असं समजून वेग कमी करायचा, तो साइड देतोय असं समजून ओव्हरटेक काढायचा नाही. साखर हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, हा हिशोब पाठ असू द्या. ताशी ६० ला गाडी सेकंदाला १६ ते १७ मीटर जाते. दिसून ब्रेकवर हात पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागून थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण ४५ झाले. साध्या गाडीचा डिपर बिनदिव्याची उसाची डबल ट्रॉली इतक्या लांबून दाखवत नाही. इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात रात्री डिपरवर चाळीस-पंचेचाळीस हाच वेग.

त्याच रस्त्यांवर 'वाढं' आणि 'काळा चिकल' हे दोन धोके. वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ते चिरडून रस्त्यावर चिकटले की तेलासारखे सरकतात. रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेली काळी माती डांबरावर पसरते, आणि पहिल्या सरीनंतर तिच्यावर पुढचा ब्रेक धरला की गाडी 'स्लिप' झालीच. अशा पट्ट्यावर शिरण्याआधी वेग पाडा, आत शिरल्यावर ब्रेक, रेस, हँडल तिन्ही स्थिर ठेवा. 'कच' म्हणजे दगडाची बारीक चुरी, वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. 'साइडपट्टी' ही डांबराबाहेरची कड. "साइडपट्टी भरली न्हाय" असं कुणी सांगितलं तर तिथे चार-सहा इंचांची पायरी आहे असं समजा. चाक खाली उतरलंच तर तिरपं चढवायला जाऊ नका, वेग पूर्ण पाडून मग काटकोनाच्या जवळ चढवा.

'कट मारणे' म्हणजे दुसऱ्याच्या अगदी अंगावरून गाडी काढून पुढे घुसणे. यात कौशल्य काही नाही. समोरचा एक वीत हलला तर हँडल हँडलला अडकतं. तुम्हाला कुणी कट मारला तर हँडल झटक्याने वळवू नका, रेस सोडा, तो पुढे जाऊ द्या.

घाटातला वाईट शब्द 'न्यूट्रलवर सोडणे'. पेट्रोल वाचतं या समजुतीने पसरणीत किंवा कुंभार्लीत लोक गाडी मोकळी सोडतात. इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, लायनर चकाकतो आणि "ब्रेक लागंना" होतं. लिव्हर नेहमीसारखी दाबली जाते, गाडी थांबत नाही. ज्या गेअरमध्ये घाट चढाल त्याच गेअरमध्ये उतरा, ब्रेक वळणाआधी थोडा थोडा मारून सोडा, सतत धरून ठेवू नका. जुन्या टू-स्ट्रोक गाडीला, म्हणजे येझदी-राजदूतसारख्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीला, उलट काळजी लागते: मूठ बंद ठेवून लांब उतार उतरलं तर पेट्रोलबरोबर ऑइलही बंद होतं आणि इंजिन धरतं. तिथे मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची.

'पुंगळी' म्हणजे सायलेन्सरच्या आतली भोकाची नळी. ती काढली की आवाज मोठा होतो, ताकद वाढत नाही. कार्बोरेटरचं मिश्रण त्या नळीच्या रोधाला जुळवलेलं असतं, ती गेली की मिश्रण पातळ होतं, खालच्या फेऱ्यांतला जोर पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व तापतो. 'फटाके' म्हणजे चालत्या गाडीत चावी बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटवणं. आतल्या जाळ्या फुटतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तोही जातो. दोन्ही बेकायदा आहेत आणि दवाखान्यासमोर राहणाऱ्यांनी हे का सोसावं? 'टिबल सीट'चंही तेच. कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसतो.

ग्रुपमध्ये 'लीड' सगळ्यात पुढचा, 'टेल' सगळ्यात मागचा. लीडला मागे टाकायचं नाही, टेलच्या मागे राहायचं नाही. 'स्टॅगर्ड' म्हणजे नागमोडी रांग: तिरक्या पुढच्याशी एक सेकंद, सरळ पुढच्याशी दोन सेकंद अंतर. कासच्या अरुंद रस्त्यावर, धुक्यात आणि कुठल्याही घाटात एकेरी रांगच. हाताच्या खुणा सुटण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून बघून घ्या: तळवा खाली करून वरखाली म्हणजे वेग कमी, पाय बाहेर काढून दाखवला तर त्या बाजूला खड्डा किंवा कच, टाकीकडे बोट म्हणजे पेट्रोल, मूठ उघड-बंद म्हणजे इंडिकेटर चालू राहिलाय. पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर, 'रिझर्व्ह लागला' म्हणजे पेट्रोलचा कॉक फिरवायची वेळ झाली, आणि टाकी भरल्यावर तो परत चालूवर आणायचा. नाहीतर पुढच्या वेळी फिरवायला काहीच उरत नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा कॉकच नसतो. त्यांची टाकी कोरडी पडू देऊ नका, आतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

शेवटी 'पाय लावणे'. गाडी बंद पडली की मागच्याने पायाने ढकलत नेणे. महामार्गावर हे करायचंच नाही, तिथे गाडी साइडपट्टीवर घेऊन टेम्पो बोलवा. गावातल्या रस्त्यावर, गॅरेज दोन-तीन किलोमीटरवर असेल तर असं करा: ढकलणाऱ्याने बंद गाडीच्या उजवीकडे, थोडं मागे राहायचं आणि डावा पाय तिच्या मागच्या फूटरेस्टवर ठेवायचा. सायलेन्सरवर नाही, तो तापलेला असतो आणि वाकतो. डावाच पाय का, तर उजव्या पायाला आपला मागचा ब्रेक मोकळा हवा. डावा पाय गुंतला की गेअर बदलता येत नाही, म्हणून निघतानाच दुसऱ्यात राहायचं. वेग वीसच्या आत. बंद गाडीवाल्याने न्यूट्रलमध्ये, चावी चालू ठेवून, म्हणजे ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लागतील असं बसायचं आणि थांबायचं असेल तर ब्रेक मारण्याआधी ओरडून सांगायचं, "सोड पाय!"